कडक किती, घुमतं किती
(प्रस्तावना)

माझ्या टेबलाच्या खणात पीझेडटी या सिरॅमिकच्या दोन पट्ट्या आहेत. लांबी ६० मिलिमीटर, जाडी ३ मिलिमीटर, दोन्ही अंगांना चांदीचा मुलामा. प्रत्येक टोकापासून साधारण साडेतेरा मिलिमीटरवर सुती दोऱ्याचा एकेक फास घालून पट्टी आडवी टांगायची आणि मधोमध सायकलच्या बेअरिंगमधला छर्रा हलकेच आपटायचा. पहिली पट्टी ‘टक्’ म्हणून गप्प होते. दुसरी ‘टिंग’ म्हणते आणि तो आवाज कानात रेंगाळतो. स्वरही वेगळे आहेत. पहिलीचा सुमारे २४०० हर्ट्झ, दुसरीचा २९०० च्या आसपास. पहिलीला षड्ज मानलं तर दुसरी कोमल गंधारावर बोलते. दोघींचं मूळ रसायन एकच: शिसं, झिरकोनियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन. फरक आहे तो जेमतेम टक्का-दीड टक्का मिसळलेल्या दुसऱ्या धातूचा. पहिलीत नायोबियम आहे, दुसरीत लोखंड.

स्वर चढा की उतरता, यावरून वस्तू किती ताठर आहे ते कळतं. आवाज किती वेळ टिकतो, यावरून तिच्या अंगात कंपनांची ऊर्जा किती जिरते ते कळतं. उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात माठ घेणारी बाई बोटाच्या पेरानं माठ वाजवून बघते, तेव्हा ती या दोन्ही गोष्टी एकाच टिचकीत मोजत असते. नीट भाजलेला माठ खणखणतो. बारीक तडा असेल तर आवाज बद्द येतो. गाडी स्टेशनात थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकं वाजवत जाणारा रेल्वेचा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांनाही ही विद्या नवी नाही. या पुस्तकात हीच विद्या पदार्थांच्या एका विलक्षण कुळाला लावली आहे. त्या कुळाचं नाव फेरोइलेक्ट्रिक.

विलक्षण अशासाठी, की पोलादाची किंवा काचेची ताठरता एकदा मोजली की तो आकडा कोष्टकात लिहून ठेवता येतो. फेरोइलेक्ट्रिक पदार्थ तशी सवलत देत नाही. पीझेडटी-५ए या प्रसिद्ध प्रकाराची एक कांडी घ्या. तिच्या लांबीच्या दिशेनं तिला ध्रुवित केलेलं आहे आणि दोन्ही टोकांना तारा आहेत. तारा एकमेकींना जोडून कांडी दाबली तर तिची ताठरता सुमारे ५३ गिगापास्कल भरते, म्हणजे काचेपेक्षाही कमी. त्याच तारा सुट्या ठेवून तीच कांडी दाबली तर १०६ गिगापास्कल, जवळजवळ पितळेइतकी. कांडी तीच, दाब तोच, हातही तोच. फक्त तार जोडली की सोडली एवढ्यावर ताठरता दुप्पट होते. कारण सरळ आहे. दाबल्यावर टोकांवर विद्युत्भार जमतो. तारा जोडलेल्या असतील तर तो वाहून जातो. सुट्या असतील तर तो तिथेच साठतो, त्याचं विद्युत्क्षेत्र दाबाला विरोध करतं आणि कांडी जास्त कडक लागते. तारांच्या मध्ये योग्य किमतीचा रोधक बसवला तर तिसरीच गोष्ट होते: भार वाहतो, पण उशिरा, रोधक तापतो आणि कांडीचं कंपन शमू लागतं. एमआयटीतल्या हॅगूड आणि फॉन फ्लोटॉव यांनी १९९१ मध्ये या युक्तीचं गणित बसवून दिलं. कंपनं शमवण्याच्या तंत्रात ती आज रुळलेली आहे.

म्हणून या पुस्तकाचा आग्रह एकच आहे. फेरोइलेक्ट्रिक पदार्थाची ताठरता आणि अवमंदन (म्हणजे कंपनांची ऊर्जा जिरवण्याचा गुण) यांचा आकडा एकटा लिहायचा नाही. तारा कशा होत्या, तापमान किती, वारंवारता किती, विद्युत्क्षेत्र किती आणि त्या तुकड्यावर याआधी काय काय गुजरलं, हे सगळं त्याच्या शेजारी आलंच पाहिजे. हे नसेल तर आकडा खोटा नसतो, पण निरुपयोगी असतो.

हा धडा मी पुस्तकातून शिकलो नाही. अंधेरीच्या एमआयडीसीत एका गाळ्यात अल्ट्रासॉनिक प्रोब बनवायच्या कामाला लागलो तेव्हाची गोष्ट. चकत्यांना तारा डकवायचं काम माझ्याकडे होतं. पावसाळा होता, हवेतल्या दमटपणामुळे डाग नीट धरत नव्हता, म्हणून मी सोल्डरिंगचं टोक चकतीवर जरा जास्तच वेळ टेकवून ठेवत गेलो. त्या दिवशीच्या सगळ्या चकत्या बाहेरून निर्दोष दिसत होत्या. संध्याकाळी आमच्या मुख्य कारागिरानं एकेक चकती मीटरला लावली. प्रत्येक चकतीच्या आलेखात दोन शिखरं यायला हवीत, अनुनादाचं आणि प्रति-अनुनादाचं, आणि त्यांच्यात ठरावीक अंतर हवं. माझ्या चकत्यांत ती शिखरं एकमेकांजवळ सरकली होती. आमच्याकडची चकती १९० अंशांच्या आसपास आपलं ध्रुवण गमावणाऱ्या जातीची होती आणि सोल्डरिंगचं टोक ३५० अंशांवर. जिथे टेकवलं तिथला भाग मरून गेला होता. त्यांनी एक शब्दही रागाचा काढला नाही. दोन शिखरांमधलं अंतर पेन्सिलीनं दाखवलं आणि म्हणाले, “बघ, चकती बोलते. ऐकायला शिक.” त्या अंतरात चकतीचा सगळा इतिहास लिहिलेला होता, आणि तो मला त्या दिवसापर्यंत वाचता येत नव्हता.

आपल्या उपनगरांत हे पदार्थ किती जागी दडलेले आहेत, ते एकदा बघायला हवं. मध्य किंवा पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून दोन-तीन माणसं एक ढकलगाडी हळूहळू चालवत नेताना दिसतात. गाडीवर पाण्याचं भांडं असतं. पाण्याची धार रुळावर पडत राहते. त्या गाडीच्या पोटात पीझेडटीच्या चकत्या असतात. काही रुळात सरळ खाली ४ मेगाहर्ट्झचा ध्वनी सोडतात, काही ७० अंशांत तिरका २ मेगाहर्ट्झचा. ४ मेगाहर्ट्झसाठी चकती अर्धा मिलिमीटर जाड लागते, २ साठी एक मिलिमीटर. जाडी आणि ताठरता मिळून स्वर ठरवतात. ध्वनी रुळाच्या तळाला आपटून परत येतो. ६० किलोच्या रुळाची उंची १७२ मिलिमीटर, त्यामुळे जाऊन येऊन साधारण ५८ मायक्रोसेकंद लागतात. मध्ये कुठे तडा असेल तर त्याचा प्रतिध्वनी आधीच येतो.

आता अवमंदनाचा प्रश्न इथे किती जिवावरचा आहे ते पाहा. पदार्थ किती घुमतो हे ‘क्यू’ या अंकानं सांगतात. क्यू इतकी कंपनं झाली की आवाज मूळच्या चार टक्क्यांवर येतो, असा ढोबळ हिशेब धरावा. क्यू ७५ असलेली नुसती ४ मेगाहर्ट्झची चकती एक टोला दिल्यावर १९ मायक्रोसेकंद घुमत राहील. तेवढ्या वेळात ध्वनी पोलादात ५५ मिलिमीटर खोल जाऊन परतही येतो. म्हणजे चकती स्वतःच बडबडत असताना रुळाच्या डोक्यातल्या तड्याचा प्रतिध्वनी येऊन गेलेला असेल आणि तो कुणाला ऐकू आलेला नसेल. म्हणून चकतीच्या पाठीला टंगस्टनची भुकटी इपॉक्सीत कालवून लेप देतात, म्हणजे ती एक-दोन कंपनांत गप्प बसते. इथे अवमंदन मुद्दाम विकत घेतलेलं आहे.

त्याच अंधेरीत, १९७३ मध्ये सुरू झालेल्या सीप्झमध्ये, दागिन्यांच्या कारखान्यांतून अल्ट्रासॉनिक टाक्या चालतात. हिरे जडवलेल्या अंगठीच्या कोंदणात अडकलेला पॉलिशचा मळ त्या ४० किलोहर्ट्झच्या कंपनांनी काढतात. तिथे नेमकं उलट हवं असतं. पदार्थात जिरलेला ऊर्जेचा प्रत्येक कण म्हणजे उष्णता, आणि उष्णता म्हणजे आज ना उद्या मरणारी चकती. म्हणून तिथे ५०० ते १००० क्यूचा पदार्थ वापरतात. क्यू ५०० असेल तर ४० किलोहर्ट्झचा अनुनाद फक्त ८० हर्ट्झ रुंद असतो; ७५ असेल तर पाचशेवर जातो. घाटकोपरच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये पोटावर फिरणारा प्रोब आणि सीप्झमधली टाकी ही एकाच कुळातली भावंडं आहेत. एकाला लवकर गप्प बसायला शिकवलेलं आहे, दुसऱ्याला न थकता गायला. कोणता पदार्थ कुठे लावायचा, हे मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

हे ज्ञान आलं कुठून? पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं की क्वार्ट्झ, टूर्मलीन, रोशेल सॉल्ट असे काही स्फटिक दाबले की त्यांच्या अंगावर विद्युत्भार येतो. यालाच आपल्याकडे दाबविद्युत म्हणतात. पुढच्या वर्षी लिपमाननं गणितानं सांगितलं की उलटही व्हायला हवं, वीज दिली की स्फटिकानं आकार बदलायला हवा. आणि क्युरी बंधूंनी ते पडताळून पाहिलं. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी लांजव्हँनं क्वार्ट्झ पाण्यात उतरवला. मग १९२० मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जोसेफ व्हालासेक या तरुण विद्यार्थ्याला रोशेल सॉल्टमध्ये काही वेगळंच दिसलं. विद्युत्क्षेत्र वाढवत नेलं आणि परत कमी केलं तर ध्रुवण आल्या वाटेनं परत जात नाही. मागे रेंगाळतं, जसं लोखंडातलं चुंबकत्व रेंगाळतं. या साम्यावरून पुढे ‘फेरोइलेक्ट्रिक’ हे नाव पडलं. त्यात लोखंडाचा अंशही असायची गरज नाही. म्हणून ‘लोहविद्युत’ हा शब्द मी या पुस्तकात टाळला आहे. नव्या वाचकाला तो पहिल्याच पानावर चुकीच्या वाटेला लावतो. रशियन भाषेत आजही हे पदार्थ सेन्येत या नावावरून पडलेल्या शब्दानं ओळखले जातात. फ्रान्समधल्या ला रोशेल गावच्या ज्या औषधविक्रेत्यानं सतराव्या शतकात हे मीठ प्रथम बनवलं, त्याचं ते आडनाव.

रोशेल सॉल्टपाशी जरा थांबायला हवं, कारण या पुस्तकाचा सगळा तिढा त्या एका स्फटिकात सापडतो. शिवाय ते मुंबईच्या हवेला अगदी नेमकं लागू पडतं. रोशेल सॉल्ट उणे १८ ते २४ अंश सेल्सिअस या पट्ट्यातच फेरोइलेक्ट्रिक असतं. बोरिवलीच्या एखाद्या घरात मे महिन्यात ते कपाटातून काढलं तर ते फेरोइलेक्ट्रिक नसतंच. एसी २२ वर लावला की होतं. त्या २४ अंशांच्या उंबरठ्यावर त्याची एक विशिष्ट कर्तन-ताठरता मोजायला गेलं, म्हणजे चौकोनाचा तिरका चौकोन करायला किती जोर लागतो ते पाहिलं, तर तारा जोडलेल्या असताना ती कोसळत जाताना दिसते. स्फटिक जणू मेणाचा होतो. तारा सुट्या ठेवल्या तर याच उंबरठ्यावर विशेष काहीच घडत नाही. एमआयटीच्या हान्स म्युलर यांनी १९४० च्या सुमाराला हे नीट उलगडून दाखवलं. त्याआधीच्या मोजमापांत जी तफावत होती, तिच्यातली बरीच तारा जोडल्या की सोडल्या या एका गोष्टीमुळे होती. वॉल्टर केडी यांच्या १९४६ च्या ‘पिझोइलेक्ट्रिसिटी’ या भारदस्त ग्रंथात रोशेल सॉल्टला इतकी पानं का दिली आहेत, ते यावरून लक्षात येतं.

पुढची वाट मातीची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिका, रशिया आणि जपान इथे स्वतंत्रपणे बेरियम टायटॅनेट सापडलं: पाण्यात न विरघळणारं, कुंभाराच्या भट्टीत भाजता येणारं सिरॅमिक. १९५४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये जाफे, रॉथ आणि मार्झुलो यांनी पीझेडटीचे गुण जगापुढे मांडले आणि त्यानंतर बाजार त्याचाच झाला. १९६९ मध्ये जपानच्या कावाई यांनी पीव्हीडीएफ नावाच्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्यात दाबविद्युत दाखवली. १९९७ मध्ये पार्क आणि श्राउट यांनी असे एकस्फटिक पुढे आणले की ज्यांचा आकार विजेनं टक्क्यापेक्षाही जास्त बदलतो. पदार्थांची ही वंशावळ कुठेही वाचायला मिळते. मोजणाऱ्यांची वंशावळ मात्र फारशी कुणी सांगत नाही, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

पहिलं घराणं विजेच्या वाटेनं ऐकणाऱ्यांचं. बटरवर्थ आणि व्हॅन डाइक यांनी दाखवलं की कंप पावणारा स्फटिक तारेच्या दुसऱ्या टोकाकडून पाहिला तर तो एका वेटोळ्यासारखा, दोन धारकांसारखा आणि एका रोधकासारखा वागतो. वेटोळं म्हणजे त्याचं वस्तुमान, त्यातला एक धारक म्हणजे त्याचा लवचीकपणा, रोधक म्हणजे अवमंदन. हातोडी नको, मायक्रोफोन नको; मीटर लावा आणि दोन शिखरं वाचा. आमच्या गाळ्यातलं मोजमाप याच घराण्याचं होतं, आणि जगातला बहुतेक उद्योग आजही यावरच चालतो. १९८७ चं अमेरिकी मानक याच रीतीला धरून होतं. या घराण्याची मर्यादा अशी, की पदार्थ फक्त आपल्या अनुनादाच्या स्वरावरच बोलतो. एक हर्ट्झला काय होतं, ते त्याला विचारता येत नाही. शिवाय अवमंदन जास्त असेल तर शिखरं इतकी बसकी होतात की वाचणाऱ्याची फसगत होते.

दुसरं घराणं ध्वनीचा वेग मोजणाऱ्यांचं, आणि त्यात आपला भारत अभिमानानं उभा आहे. वेगाचा वर्ग आणि घनता यांचा गुणाकार म्हणजे ताठरता, इतकं ते सोपं. पण स्फटिक दिशेदिशेला वेगळा असतो, त्यामुळे एका आकड्याचे सहा, नऊ, कधी एकवीस होतात. वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात सूरी भगवंतम यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९४० च्या दशकात पाचरीच्या आकाराचा क्वार्ट्झ वापरून छोट्या छोट्या स्फटिकांचे हे सगळे अंक काढण्याची रीत बसवली. महागडं यंत्र नव्हतं. पाचरीची जाडी जागोजागी वेगळी असल्यामुळे एकच पाचर अनेक स्वर देई; पाहिजे तो स्वर सापडला की काम झालं. भगवंतम हे रामन यांचे शिष्य, आणि रामन यांनी १९२० मध्येच मृदंग आणि तबल्याच्या शाईमुळे चामड्याचे स्वर सुरात कसे येतात ते मांडलं होतं. कंपन कानानं ऐकायचं आणि त्यातून पदार्थाचं अंतरंग ओळखायचं, ही परंपरा आपल्याकडे उसनी आलेली नाही.

तिसरं घराणं अंतर्गत घर्षणाचं. इथे स्वरापेक्षा विरण्याकडे लक्ष असतं. तारेला लटकवलेला पिळाचा लंबक सेकंदाला एकदा झुलवायचा आणि त्याचे झोके कसे लहान होत जातात ते मोजत तापमान बदलत न्यायचं. झेनरचं १९४८ चं पुस्तक आणि गं तिंग-सुई यांचे प्रयोग धातूंसाठी होते. रशियात व्होरोनेझच्या पोस्तनिकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात हीच नजर फेरोइलेक्ट्रिक सिरॅमिककडे वळवली. बेरियम टायटॅनेट थंड करत नेलं तर १२० अंशांच्या आसपास, मग ५ अंशांच्या आसपास आणि मग उणे ९० च्या आसपास त्याची अंतर्गत रचना बदलते. प्रत्येक वळणावर ताठरता खड्ड्यात जाते आणि अवमंदन शिखरावर चढतं. शिवाय या वळणांच्या अधेमधे आणखी बारीक शिखरं दिसतात. त्यांचं कारण शोधताना डोमेनच्या भिंतींशी गाठ पडते.

डोमेन हा या विषयाचा गाभा आहे. बेरियम टायटॅनेटचा प्रत्येक सूक्ष्म पेशीघन एका दिशेला एखाद्या टक्क्यानं लांब असतो आणि त्याच दिशेला त्याचं ध्रुवण असतं. एका दिशेला तोंड करून उभ्या राहिलेल्या अशा घनांच्या वस्तीला डोमेन म्हणतात. शेजारच्या वस्तीचं तोंड काटकोनात वळलेलं असेल तर मधली भिंत दाबानं सरकू शकते. गच्च भरलेल्या डब्यात बाजूनं रेटा आला की समोर तोंड करून उभे असलेले प्रवासी कडेला वळतात आणि थोडी जागा होते, तसं. या वळण्यामुळे पदार्थ अपेक्षेपेक्षा जास्त दबतो, म्हणजे कमी ताठर लागतो. वळायला वेळ लागतो, म्हणून ऊर्जा जिरते. माझ्या खणातल्या ‘टक्’वाल्या पट्टीत नायोबियमनं या भिंती मोकळ्या केल्या आहेत, ‘टिंग’वाल्या पट्टीत लोखंडानं त्या खिळवून ठेवल्या आहेत. धंद्यात पहिलीला ‘सॉफ्ट’ आणि दुसरीला ‘हार्ड’ म्हणतात. हे शब्द ओरखड्याच्या कठीणपणाबद्दल नाहीत, भिंतींच्या मोकळेपणाबद्दल आहेत. नव्या माणसाची इथे हमखास गफलत होते.

चौथ्या घराण्याचं एक ठाणं चेंबूरपलीकडे, ट्रॉम्बेला आहे. १९५६ मध्ये अप्सरा, १९६० मध्ये सायरस आणि १९८५ मध्ये ध्रुव या अणुभट्ट्या सुरू झाल्या आणि त्यांच्यातून बाहेर येणारे न्यूट्रॉन स्फटिकांतली कंपनं मोजायच्या कामी आले. पी. के. अय्यंगार कॅनडात ब्रॉकहाउस यांच्याबरोबर जर्मेनियमच्या कंपनांवर काम करून परतले होते. ब्रॉकहाउस यांना याच विद्येसाठी १९९४ मध्ये नोबेल मिळालं. न्यूट्रॉन जी कंपनं मोजतो ती सेकंदाला लाखो कोटी असतात. लंबकाच्या एका झोक्यापासून इथपर्यंत बारा दशगुणं अंतर आहे. कॉक्रन आणि अँडरसन यांनी १९६० च्या सुमाराला सांगितलं की फेरोइलेक्ट्रिकपणा म्हणजे अणूंच्या एका विशिष्ट कंपनाचं मऊ पडत पडत गोठणं. हे न्यूट्रॉनच्या मदतीनं डोळ्यांपुढे आलं. पवईत, १९५९ च्या मार्चमध्ये जिथे आयआयटीची कोनशिला बसली, तिथेही पदार्थविज्ञानाच्या विभागांत सिरॅमिक फेरोइलेक्ट्रिक दीर्घकाळ अभ्यासले गेले आहेत. पुण्यात पाषाणला संरक्षण खात्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत पीझेडटीचं केंद्र आहे आणि तिथूनच जवळ सी-मेट ही इलेक्ट्रॉनिक पदार्थांची संस्था आहे. मुलुंडहून निघालेला माणूस सकाळच्या गाडीनं या सगळ्या ठिकाणी पोहोचू शकतो. तरी या विषयावर मराठीत सलग वाचायला काही मिळत नाही, याची मला वर्षानुवर्षं खंत वाटत आली आहे.

आणखी एक घराणं अलीकडचं. विस्कॉन्सिनचे रॉडरिक लेक्स आणि सहकारी यांनी २००७ मध्ये टिनमध्ये बेरियम टायटॅनेटचे कण मिसळले आणि तापमानाच्या एका अगदी अरुंद पट्ट्यात त्या मिश्रणाची मोजलेली ताठरता हिऱ्यापेक्षा जास्त आली. रूप बदलू पाहणारा पण टिननं जखडून ठेवलेला कण उलट दिशेनं ढकलतो, यामुळे हे घडतं. पुढे कॅल्टेकमध्ये डेनिस कोखमान यांच्या गटानं नवं यंत्र बांधलं. नमुना निर्वात पेटीत उभा, त्याच्या टोकाला छोटं चुंबक, बाहेरच्या वेटोळ्यांतून स्पर्श न करता त्याला वाकवायचं किंवा पिळायचं, लेझरनं हालचाल टिपायची, आणि हे चालू असतानाच नमुन्यावर मोठं विद्युत्क्षेत्र उलटसुलट फिरवायचं. निर्वात अशासाठी, की हवा स्वतःच कंपन शमवते आणि तो दोष पदार्थाच्या माथी येतो. त्यांनी पाहिलं की डोमेन पालटायच्या क्षणी ताठरता घसरते आणि अवमंदन उसळतं, तेही अनेक वारंवारतांवर. म्हणजे पदार्थाचा शमवण्याचा गुण विजेच्या बटणानं कमी-जास्त करता येईल, अशी वाट उघडली.

हे आज का शिकावं? शिसं. पीझेडटीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं आणि युरोपनं इलेक्ट्रॉनिक मालातलं शिसं २००६ पासून बंद केलं आहे. या सिरॅमिकला मात्र अजून सवलत मिळत आली आहे, कारण तोडीस तोड पर्याय नाही. पोटॅशियम-सोडियम नायोबेटसारखे शिशाविना पदार्थ २००४ पासून पुढे येत आहेत. त्यातला कोणता रुळावरच्या गाडीत चालेल आणि कोणता टाकीत, हे कुणीतरी बसून मोजायला हवं, आणि तापमान, वय, क्षेत्र यांच्यासह मोजायला हवं. दुसरं, खिशातला मोबाइल. त्यातल्या, हवा तो वारंवारतेचा पट्टा निवडणाऱ्या गाळणीचे सूक्ष्म पापुद्रे स्कँडियम मिसळलेल्या अॅल्युमिनियम नायट्राइडचे होऊ लागले आहेत, आणि २०१९ मध्ये हाच पदार्थ फेरोइलेक्ट्रिक असल्याचं दिसून आलं. स्कँडियम वाढवलं की त्याची ताठरता उतरते आणि गाळणीचा स्वर सरकतो. मोजमाप चुकलं तर फोन भलत्याच पट्ट्यात ऐकेल.

हे पुस्तक बारावी विज्ञान किंवा डिप्लोमा झालेल्या आणि हातानं काम करायची हौस असलेल्या वाचकासाठी लिहिलं आहे. आधी कानानं, मग मीटरनं, मग ध्वनीच्या वेगानं असं ते पुढे जातं, आणि गणित लागेल तिथे ते टाळलेलं नाही. पातळ पापुद्रे कसे बनवायचे आणि संगणकाच्या स्मृतीत फेरोइलेक्ट्रिक कसे वापरतात, हे विषय मी सोडले आहेत. त्यांना स्वतंत्र पुस्तक हवं. शब्दांच्या बाबतीत ‘ताठरता’ आणि ‘अवमंदन’ हे दोन मी शेवटपर्यंत वापरले आहेत. लहर अंतर कापताना दुबळी होते त्याला ‘क्षीणन’ म्हटलं आहे, कारण ती वेगळी गोष्ट आहे. त्यात विखुरणंही येतं. गाळ्यात जे शब्द रुळले आहेत, प्रोब, पोलिंग (म्हणजे ध्रुवित करणं), क्यू, डोमेन, ते तसेच राहू दिले आहेत. मराठी विश्वकोशानं आणि चुनाभट्टीच्या मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानासाठी घडवलेली भाषा हाताशी होती म्हणूनच हे पुस्तक मराठीत सुचलं. तरी कारागिराच्या तोंडचा शब्द आणि कोशातला शब्द यांत निवड करायची वेळ आली, तेव्हा मी कारागिराच्या बाजूनं गेलो आहे.

पुस्तकातल्या प्रत्येक आकड्याशेजारी तारा, तापमान, वारंवारता आणि पोलिंगनंतर किती तास गेले हे दिलेलं आहे. शेवटची नोंद काहींना जाचक वाटेल. पण पोलिंग झाल्यावर हे पदार्थ हळूहळू निवत जातात. पहिल्या तासापासून दहाव्या तासापर्यंत जितका बदल होतो, साधारण तितकाच दहाव्यापासून शंभराव्या तासापर्यंत. म्हणून किमान एक दिवस थांबूनच मोजावं.

पहिल्या प्रयोगासाठी पट्टी, सुती दोरा, छर्रा आणि आवाजाचा आलेख काढणारं अॅप असलेला मोबाइल एवढं पुरेल. पंखा बंद करावा लागतो. आमचं घर मुलुंडला रुळांच्या जवळ आहे, त्यामुळे गाडी आली की थांबायचं, ती गेल्यावरही खिडकीची तावदानं शांत होईपर्यंत थांबायचं आणि मग छर्रा सोडायचा, अशी सवय लागली आहे. रात्री एकनंतर पहाटे चारपर्यंत त्यातल्या त्यात सलग शांतता मिळते. या पुस्तकातले बरेचसे आलेख त्या वेळात काढलेले आहेत.